एल्ब्रुस (दक्षिण बाजू): रात्रीची बर्फचढाई, गाइड किती आणि दिवस किती?

पन्हाळा_पायवाट | रविवार, रात्री ९:१०

मंडळी, जुलैअखेर कोल्हापुरातून सहा जण रशियातल्या काकेशस पर्वतरांगेतल्या एल्ब्रुसला (५,६४२ मीटर) निघतोय. वयं २९ ते ५१. दर रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा असतोच, पन्हाळा-पावनखिंड सगळ्यांची झालेली आहे. बर्फावर मात्र एकही जण चाललेला नाही. हातात आलेलं पॅकेज असं:

दिवस १: मिनरल्नीये वोदी विमानतळ, तिथून गाडीने तेरस्कोल (पायथ्याचं गाव)
दिवस २: चेगेट या शेजारच्या डोंगरावर सरावचाल
दिवस ३: केबल कारने गराबाशी (वरचा तळ), बॅरलमध्ये (पिंपाच्या आकाराच्या खोल्या) मुक्काम
दिवस ४: पास्तुखोव्ह रॉक्सपर्यंत (४,७०० मीटरजवळचे खडक) जाऊन परत, त्याच रात्री रॅट्रॅकने (बर्फावर चालणारी गाडी) वर आणि शिखर
दिवस ५: शिखरावरून थेट खाली तेरस्कोल
दिवस ६: परत

गाइड दोन, बूट-क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे, बुटाखाली बांधायचे दात) तिथे भाड्याने. विचारायचं ते हे: पायांची तयारी पुरेशी आहे का, सामानात काय न्यायचं आणि रॅट्रॅक घ्यावा की नको? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

---

हिमरेषा | रविवार, रात्री १०:०२

पायांचा प्रश्न सर्वात शेवटी घ्या. या कागदात दोन गोष्टी चुकल्या आहेत, दिवस आणि गाइडची संख्या. सामान त्याच्या नंतर.

आधी दिवस. कोल्हापूर साधारण ५५० मीटरवर. तेरस्कोल २,१०० च्या पुढे. गराबाशी ३,८५० च्या आसपास. म्हणजे दोन रात्री २,१०० ला काढून तिसऱ्या रात्री झोपायची उंची एकदम सतराशे मीटरने वाढते, आणि चौथ्या रात्री ५,६४२ कडे निघायचं. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा सर्वमान्य नियम. एल्ब्रुसवर तो तंतोतंत पाळता येत नाही, कारण मधल्या उंचीवर मुक्कामाची सोयच फारशी नाही. म्हणून तर तिथे दिवसा वर जाऊन खाली झोपायला यायचं आणि गराबाशीला शिखराआधी किमान तीन रात्री काढायच्या.

शिवाय तुमच्या कागदावर चौथ्या दिवशी सकाळी ४,७०० पर्यंत चढउतार आहे आणि त्याच मध्यरात्री शिखर. मध्ये झोप दोन-तीन तास, तीही त्या उंचीवर धड लागत नाही. पाय थकलेले, शरीर सुकलेलं, आदल्या दिवशीच्या उंचीचा फायदा अजून अंगी लागलेला नाही. सरावचालीनंतर एक पूर्ण दिवस मोकळा हवाच. त्या दिवशी हटच्या मागच्या उतारावर क्रॅम्पॉन आणि बर्फातली कुऱ्हाड, म्हणजे आइस अ‍ॅक्सचा सराव करायचा.

माझ्या मते कमीत कमी असं हवं:

१ तेरस्कोल. २ चेगेट, ३,००० च्या वर जाऊन परत. ३ अझाऊकडून (केबल कारचं खालचं स्थानक) ३,५०० पर्यंत चालत जाऊन परत खाली. ४ गराबाशीला सामान हलवणं, दुपारी ४,१०० पर्यंत चक्कर. ५ पास्तुखोव्ह, ४,६०० ते ४,७००, परत. ६ विश्रांती आणि बर्फावरचा सराव. सहाव्याच्या मध्यरात्री निघून सातव्याला शिखर. ८ आणि ९ राखीव, हवामानासाठी.

राखीव दिवस ही चैन समजू नका. शिखरावर वारा सुटला की दोन-दोन दिवस कुणी हलत नाही. राखीव दिवस नसलेल्या गटाला ‘आज नाहीतर कधीच नाही’ असं वाटू लागतं आणि तो नको त्या हवेत निघतो.

---

गारगोटी_घाटवाट | रविवार, रात्री १०:३५

हिमरेषाताईंनी दिवसांचं सांगितलं, गाइडचं मी सांगतो, कारण लोक इथेच फसतात.

सहा जणांना दोन गाइड हे कागदावर ‘तिघांमागे एक’ असं छान दिसतं. पण ४,९०० ला एकाला उलट्या सुरू झाल्या तर एक गाइड त्याला घेऊन उतरणार. उरले पाच जण आणि एक गाइड. आता ५,२०० ला दुसऱ्याला त्रास झाला तर वाटा तीनच: पाचही जण परत, किंवा तो एकटा परत, किंवा त्याला तसाच रेटत वर न्यायचा. पहिली वाट कुणाला नको असते, म्हणून दुसरी-तिसरी निवडली जाते.

२३ सप्टेंबर २०२१ ला एल्ब्रुसवर १९ जणांचा गट वादळात सापडला आणि पाच जण गेले. पाच हजारांच्या वर एकाची तब्येत बिघडली, तो एका गाइडसोबत मागे फिरला, बाकीचे वर गेले आणि उतरताना वादळाने गाठलं. वारा, दृष्टी शून्य, त्यात एकाचा पाय मोडला. क्रम लक्षात ठेवा. वादळाच्या आधी गट फुटला होता.

सहा जणांना तीन गाइड मागा. आणि लेखी विचारा: परत फिरणाऱ्यासोबत कोण उतरेल? किती वाजता शिखराचा नाद सोडायचा? गाइडांकडे एकमेकांशी बोलायला वॉकी आहे का? धुक्यासाठी जीपीएसवर रस्ता साठवलेला आहे का? दोर आहे का? बचाव पथकाकडे गटाची नोंद कोण करणार? या प्रश्नांवर ‘सर, टेन्शन नका घेऊ’ एवढंच उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा.

---

पन्हाळा_पायवाट | रविवार, रात्री ११:०४

गाइडचं हे गणित डोक्यातच आलं नव्हतं. पण एक शंका. पन्हाळा आम्ही पाठीवर दहा किलो घेऊन सलग तीनदा करतो. त्याचा उंचीसाठी काहीच उपयोग नाही का?

---

हिमरेषा | रविवार, रात्री ११:२०

पायांसाठी आहे, विरळ हवेसाठी शून्य. पन्हाळा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्याही आत. कळसूबाई १,६४६. महाराष्ट्रात कुठेही गेलात तरी शरीराला उंचीची जाणीव होत नाही. साडेपाच हजारांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि त्याची सवय फक्त तिथे राहूनच होते. उलट जास्त तंदुरुस्त माणूस पहिल्या दोन दिवसांत भराभर वर जातो आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो.

पायांसाठी पन्हाळा उत्तम. पायथ्यापासून चढ ४०० मीटरच्या आसपास. गराबाशीपासून शिखर १,८०० मीटर चढ, म्हणजे पन्हाळ्याच्या साडेचार फेऱ्या. पाठीवर आठ किलो, पायात जड बूट, आणि वेग असा की बोलताना धाप लागू नये. तीन फेऱ्या घाईने करण्यापेक्षा पाच फेऱ्या संथ करा. उतरणंही मोजून करा, कारण मांड्या उतरताना संपतात. जुलैतल्या पावसात जांभ्यावर घसरून गुडघा दुखावून घेऊ नका म्हणजे झालं.

दोन-चार महिने हाताशी असते तर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटमध्ये बेसिक कोर्स करा म्हटलं असतं. जवळपास महिन्याचा असतो आणि आइस अ‍ॅक्स हातात बसते.

---

उद्यमनगर_फिटर | सोमवार, सकाळी ७:४०

क्रॅम्पॉनचं मी सांगतो, हे आपल्या लायनीतलं काम हाय.

बारा दातांचं, पोलादी. अ‍ॅल्युमिनियमचं हलकं असतंय पण घट्ट बर्फात आणि दगडावर दात बोथट होत्यात. पास्तुखोव्हला उघडा खडक हाय, तिथं अ‍ॅल्युमिनियमची वाट लागते.

बांधायचे तीन प्रकार. एक, पुढंमागं दोन्हीकडं पट्टा. कुठल्याबी बुटाला चालतंय. दोन, पुढं पट्ट्याची टोपी आणि मागं खटका. बुटाच्या टाचेला खाच पायजे. तीन, पुढं तार आणि मागं खटका. पुढं आणि मागं दोन्हीकडं खाच पायजे. भाड्याच्या दुकानात बूट एकीकडचा आणि क्रॅम्पॉन दुसरीकडचं देत्यात, मग तार खाचंत बसत न्हाई. वर अंधारात ते निसटतंय.

दुकानातच बघायचं:
मधली पट्टी सरकवून लांबी लावा. पट्टा न बांधता नुस्तं बुटाला अडकवा, बूट उचला आणि हलवा. पडलं तर माप चुकलं.
पुढचे दोन दात बुटाच्या टोकापुढं दोन-अडीच सेंटिमीटर आले पायजेत. कमी आले तर चढाला धरत न्हाईत, जास्त आले तर पाय अडखळतोय.
बक्कल पायाच्या बाहेरच्या अंगाला. आत आलं की दुसऱ्या पायाचे दात त्याच्यात अडकून तोंडावर पडतोय माणूस.
पट्ट्याचं शेपूट लोंबू देऊ नगा, आत खोचा.
खाली रबर-प्लॅस्टिकची पाटी पायजेच. ती नसली की सकाळी मऊ बर्फाचा गोळा तळव्याला चिकटतोय आणि दात बर्फाला लागतच न्हाईत. पाटी असली तरी गोळा झालाच तर अ‍ॅक्सच्या दांड्यानं बुटाच्या कडेला ठोका.

आणि धार. भाड्याचे दात बोथट असत्यात, दुसरी जोडी मागा. स्वतःचं घेतलं असंल तर कानस मारा, हातानं, अरुंद कडेनं, दाताच्या सपाट अंगावर न्हाई. ग्राइंडरला लावू नगा भावा! गरम झालं की पोलादाचं पाणी उतरतंय, मग दात वाकतोय न्हाईतर मोडतोय. सुईसारखी धारबी नको, ती पहिल्या दगडाला जाती.

---

पन्हाळा_पायवाट | सोमवार, सकाळी ८:१५

फिटरभाऊ, हे प्रिंट काढून सगळ्यांना वाटतो. आता रॅट्रॅक?

---

गारगोटी_घाटवाट | सोमवार, सकाळी ९:००

रॅट्रॅक म्हणजे बर्फावरचं साखळी-गाडं. गराबाशीवरून ४,७०० ला, कधी त्याच्याही वर ५,००० पर्यंत सोडतं. माझं मत सरळ: चढायला आलात तर चढा. गाड्यात बसून हजार मीटर वाचवून मग पाचशे-सहाशे मीटर चालून ‘शिखर’ म्हणायचं, हे पटत नाही.

---

हिमरेषा | सोमवार, सकाळी ९:४८

घाटवाटराव, मत मान्य, पण नवख्या गटासाठी हिशेब वेगळा लागतो. अ‍ॅक्लमटाइझ झालेला, म्हणजे उंचीला सरावलेला, पण बर्फाला नवा गट तासाला साधारण २०० मीटर चढतो. गराबाशीपासून चालत गेलं तर नऊ तास वर, चार-पाच तास खाली. ४,७०० पासून गेलं तर वर पाच-सहा तास. हे वाचलेले तीन तास शिखरासाठी नव्हेत, उतरण्यासाठी शिल्लक राहतात. दुपारनंतर ढग चढतात आणि बर्फ मऊ होतो, त्याआधी सॅडलच्या (पूर्व आणि पश्चिम शिखरांमधली खिंड) खाली असणं महत्त्वाचं.

पण तोटे माहीत असू द्या. उघड्या गाड्यावर वीस-पंचवीस मिनिटं बसून शरीर गार पडतं, आणि उतरल्यावर सगळे एकदम ४,७०० वर, वाऱ्यात, अंधारात. चालत आलेला माणूस तोपर्यंत गरम झालेला असतो. म्हणून रॅट्रॅकमध्ये सगळ्यात जाड जाकीट अंगावर, मिटन (चार बोटं एकत्र असलेला जाड हातमोजा) हातात, आणि उतरल्यावर दहा मिनिटांत चालायला लागायचं. आपली उंची सोसत नाहीये हे कळायला ते तीन तास चालणं जो इशारा देतं, तोही रॅट्रॅकमुळे मिळत नाही. ४,७०० ची सरावचाल पायी, नीट झालेली नसेल तर रॅट्रॅक घेऊच नका.

---

डॉक्टर_राजारामपुरी | सोमवार, दुपारी २:३०

वैद्यकीय बाजू. हे सर्वसाधारण आहे. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरला तोंडावर भेटूनच औषध ठरवावं.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. उंचीचा त्रास टाळण्यासाठी १२५ मिलिग्रॅम, १२ तासांनी, उंची गाठायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा-कोलाची चव बिघडते, घाबरू नका. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर घ्यायच्या आधी डॉक्टरला सांगा. आणि हे औषध घेतलं म्हणजे सहा दिवसांचं पॅकेज दहा दिवसांचं होत नाही.

डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारं औषध) गाइडच्या पेटीत असावं, खाली उतरवण्यासाठी. ते घेऊन वर चढणं म्हणजे धोक्याची घंटा कापून टाकणं.

डोकेदुखी आणि सोबत मळमळ, भूक मरणं, चक्कर किंवा गळून जाणं यांपैकी काही असेल तर तो उंचीचाच त्रास धरायचा. ‘काल झोप झाली नाही’ म्हणून सोडून द्यायचा नाही. त्या रात्री वर जायचं नाही. त्रास वाढत गेला तर खाली.

तोल जाणं ही मेंदूला सूज आल्याची खूण. टाच-अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. बर्फावर नव्हे, हटच्या फरशीवर. अडखळला तर लगेच खाली, रात्र असली तरी. बसल्या जागी धाप, खोकला, ओठ निळसर असतील तर फुप्फुसात पाणी. तेही लगेच खाली.

ऑक्सिमीटर न्या, पण गार बोटावर तो खोटं बोलतो. हात चोळून ऊब आणा, मग लावा, आणि एका आकड्यापेक्षा दिवसागणिक कल बघा. ३,८०० वर रक्तातला ऑक्सिजन ८५ ते ९० टक्के दिसला तर हादरू नका.

दारू नाही, झोपेची गोळी नाही. पन्नाशीच्या सदस्याने निघण्याआधी रक्तदाब आणि ट्रेडमिल टेस्ट करून घ्यावी.

---

रंकाळा_फेरी | सोमवार, संध्याकाळी ६:१५

खाण्याचं कुणी लिहिलंच नाही, म्हणून लिहिते. कोल्हापूरकर गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि तुपातले लाडू बांधून घेणार, हे न सांगताही कळतंय. उणे पंधराला चिक्कीचा दगड होतो, तूप आळून लाडू फुटत नाही, खजूरही चिवट. बाहेरच्या खिशात ठेवलेली वस्तू खायची म्हणजे दातांची परीक्षा. चॉकलेटचंही तेच.

उपाय साधा. शिखराच्या रात्रीचं सगळं खाणं जाकिटाच्या आतल्या खिशात, छातीशी. तुकडे घासाएवढे आधीच करून. दर पाऊण-एक तासाला दोन घास, भूक असो वा नसो. त्या उंचीवर भूक लागतच नाही, म्हणून घड्याळावर खायचं. खमंग नको, तोंड कोरडं पडतं. राजगिऱ्याचा लाडू हलका आहे, पण पाण्याशिवाय घशात अडकतो. गुळाची पूड आणि शेंगदाण्याचं जाडसर कूट, तूप न घालता, लहान पिशवीत, चिमटीने खायला उत्तम. भडंग हटवर संध्याकाळी खा. वर नेऊ नका, जागा फार खातो आणि तहान लावतो.

निघण्याआधी तासभर गरम काहीतरी पोटात: मऊ भात, रव्याची पातळ खीर, ओट्स.

पाणी दोन लिटर. त्यात एक लिटर थर्मासमध्ये, साखर-लिंबू-मिठाचा कोमट चहा. नळीची पिशवी नको, नळी पहिल्या तासात गोठते. बाटली रुंद तोंडाची, लोकरी मोज्यात घालून, सॅकमध्ये उलटी. पाणी वरून गोठायला लागतं, बाटली उलटी असली की बुचाकडची बाजू मोकळी राहते.

---

हिमरेषा | सोमवार, रात्री ९:३०

रंकाळाताईंनी थर्मासचं लिहिलं ते बरं झालं. आता कपडे आणि वाट.

जुलै-ऑगस्टमध्येही शिखराच्या रात्री उणे १० ते उणे २० धरून चाला. वारा वेगळा. उणे १५ आणि ताशी ५० किलोमीटर वारा, म्हणजे उघड्या कातडीला उणे २९ चा हिसका. उणे २० असेल तर उणे ३५. बोटं जातात ती यामुळे. क्रॅम्पॉनचं बक्कल लावायला मिटन काढलं, दोन मिनिटं झाली आणि नंतर बोटांना ऊब परत येत नाही. म्हणून आत पातळ हातमोजा कायम, त्यावर मिटन, मिटनला मनगटाची दोरी, आणि सॅकमध्ये एक जादा जोडी. एक मिटन उडून गेलं की त्या माणसाचं शिखर तिथेच संपतं.

अंगात तीन थर: घाम अंगावरून बाहेर टाकणारा बनियन (सुती नको), लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं. थांबल्यावर घालायचं जाड पिसांचं जाकीट सॅकमध्ये सगळ्यात वर. चालायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजली पाहिजे. गरम वाटतंय म्हणजे अर्ध्या तासात घाम, आणि घाम म्हणजे पहाटे चारला हुडहुडी.

बूट दुहेरी, आतला निघणारा. मोजे एक पातळ, एक जाड. दोन जाड घातले की बूट आवळतो, रक्त पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात. रासायनिक गरम पुड्यांवर विसंबू नका. त्यांना हवा लागते, ती बुटात आणि त्या उंचीवर दोन्हीकडे कमी. आतले बूट रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. पायाची नखं चार दिवस आधी कापा.

चष्मा श्रेणी ४ चा (सगळ्यात गडद काच), शिवाय गॉगल. रात्री वाऱ्यात पारदर्शक काचेचा गॉगल लागतो. उजाडल्यावर नाकाच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन. बर्फावरून ऊन खालून येतं. हेडलॅम्पमध्ये लिथियम सेल, साधे अल्कलाइन थंडीत बसतात. जादा सेल आतल्या खिशात, मोबाइलही तिथेच.

वाट अशी. गराबाशी, मग ४,१०० ला जुन्या प्रियुत ११ ची जागा (ते आश्रयस्थान १९९८ ला जळालं), मग सरळ रुंद उतार पास्तुखोव्हपर्यंत. हा चढ दिसायला सोपा, पण पास्तुखोव्हच्या वर पुष्कळदा निळा कडक बर्फ असतो आणि तिथे घसरलेला माणूस थांबत नाही. पाच हजारांच्या वर वाट डावीकडे वळते आणि पूर्व शिखराच्या खालून तिरकी सॅडलकडे जाते. रशियन गाइड याला कोसाया पोल्का म्हणतात. पायवाट अरुंद, उजवीकडे डोंगर, डावीकडे उतार, आणि त्या उताराच्या तळाशी हिमनदीच्या भेगा. जाताना आइस अ‍ॅक्स उजव्या हातात, म्हणजे डोंगराकडच्या. येताना डाव्या. मनगटाची दोरी वळणावर बदलायला विसरू नका.

सॅडल साधारण ५,३०० ते ५,३५०. इथे बसायचा मोह होतो. दहा मिनिटं, पाणी, घास, बस्स. इथून पश्चिम शिखराकडचा चढ सगळ्यात उभा, हंगामात फिक्स रोप (आधीच बांधून ठेवलेला दोर) असतो. हार्नेसला (कंबर-मांड्यांना बांधायचा पट्टा) दोन स्लिंग (पट्टीचे फास), दोन स्क्रूवाले कॅरॅबिनर (उघडझाप होणाऱ्या कड्या). अँकर (दोर पक्का बांधलेली जागा) आला की आधी दुसरा पुढच्या दोरात अडकवायचा, मग पहिला सोडायचा. एका क्षणालाही दोन्ही सुटे नकोत. त्याच्यावर जवळपास सपाट पठार आणि शेवटी छोटा उंचवटा, ५,६४२.

आइस अ‍ॅक्स सरळ दांड्याची. डोकं हातात धरून उभं राहिलं की टोक घोट्यापाशी यावं. घसरल्यावर थांबायचा सराव सहाव्या दिवशी, चारही तऱ्हांनी: पोटावर, पाठीवर, डोकं वर, डोकं खाली. सरावात क्रॅम्पॉन काढून. खरोखर घसरलात आणि क्रॅम्पॉन पायात असले तर पाय वर दुमडा. दात बर्फात अडकले तर घोटा मोडतो आणि माणूस कोलांटी खातो.

---

उद्यमनगर_फिटर | सोमवार, रात्री १०:१०

एक ऱ्हायलं. सपाट पाय टाका, पुढचे दोन सोडून दहाच्या दहा दात एकदम. बुटाच्या कडेवर चालायची डोंगरातली सवय हितं उलटी पडती. पाय जरा फाकवून, न्हाईतर एका पायाचे दात दुसऱ्या पँटीत. गटात मिळून एक पाऊच: प्लॅस्टिकचे टाय, बारीक तार, पक्कड, चिकटपट्टी, दोन स्क्रू. शंभर-दीडशे ग्रॅम भरतंय.

---

चावडी_संपादक | मंगळवार, सकाळी ८:००

धाग्यात कंपन्यांची नावं आणि दर टाकू नयेत. वैयक्तिक संदेशातून विचारावं. चर्चा चालू द्या.

---

शाहूपुरी_प्रवासी | मंगळवार, सकाळी १०:२५

डोंगराखालच्या तीन गोष्टी. भारतात काढलेली व्हिसा, मास्टरकार्ड ही कार्डं मार्च २०२२ पासून रशियात चालत नाहीत. डॉलर किंवा युरो रोख न्या, नोटा स्वच्छ, आणि अझाऊला पोचण्याआधी रूबल करून घ्या. ई-व्हिसा भारतीयांना मिळतो, पण त्यात मुक्कामाचे दिवस ठरावीक असतात. राखीव दिवस धरून मोजा. विम्याच्या पॉलिसीत ‘गिर्यारोहण’ वगळलेलं असतं किंवा उंचीची मर्यादा असते. ६,००० मीटरपर्यंत, दोर-क्रॅम्पॉनसह, आणि हेलिकॉप्टर बचावासह असं लिहिलेलंच घ्या. एजंट तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ म्हणाला तर ते कलम दाखवायला सांगा.

---

गारगोटी_घाटवाट | मंगळवार, दुपारी १२:४०

जाता जाता. पन्हाळ्याचा दगडही ज्वालामुखीचाच, पण आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पातळ वाहत पसरला, म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे आणि माथा सपाट. एल्ब्रुसचा लाव्हा घट्ट, तो तोंडापाशीच साचत गेला, म्हणून गोल घुमट आणि सगळीकडे सारखा उतार. याचा व्यवहारातला अर्थ असा की धुक्यात आपल्याकडे कडा लागला की माणूस थांबतो, तिथे थांबवणारं काहीच नाही. कुठूनही खाली जाता येतं, आणि रोवलेल्या काठ्यांची रांग सुटली की खाली भेगा. धुकं आलं तर शेवटच्या काठीपाशी थांबा, गाइडने जीपीएस बघितल्याशिवाय पाऊल नको.

---

पन्हाळा_पायवाट | बुधवार, रात्री ९:५०

आज कंपनीशी बोललो. तिसरा गाइड जादा पैसे भरून मिळतो. दिवस मात्र वाढवायला तयार नाहीत, ‘सगळे याच वेळात करतात’ म्हणाले. गटाने ठरवलं की दुसऱ्यांकडे जायचं, दहा दिवसांचा कार्यक्रम, शिखराआधी गराबाशीत तीन रात्री, दोन राखीव. तारीख ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यावर गेली. रॅट्रॅकचं ४,७०० ची पायी चाल झाल्यावर तिथेच ठरवू.

दोन बारीक प्रश्न. हार्नेस जाकिटाच्या आत की बाहेर? आणि गटात दोन बायका आहेत, हार्नेस घातल्यावर लघवीची सोय कशी?

---

हिमरेषा | बुधवार, रात्री १०:१५

हार्नेस वाऱ्याच्या जाकिटावर, पिसांच्या जाकिटाच्या आत. पिसांचं घालायचं-काढायचं असतं, त्यासाठी दर वेळी हार्नेस सोडायला लागू नये. हटमध्येच घालून निघा. वर, अंधारात, मिटन घालून पायाचे पट्टे नीट बसत नाहीत. कंबरपट्टा कमरेच्या हाडाच्या वर, पट्टा उलटा ओढून बक्कल दुहेरी झालं का ते गाइडने प्रत्येकाचं हात लावून बघावं.

बायकांसाठी मांडीचे पट्टे मागून सुटणारा हार्नेस घ्या. मागचे दोन इलॅस्टिक हुक काढले की कंबरपट्टा न सोडता पँट खाली घेता येते. दुकानात घालून, मागे हात नेऊन, मिटनसकट हुक काढून-लावून बघा. उभ्याने वापरायची फनेल मिळते, ती महिनाभर आधीपासून घरी वापरून सवय करा. लघवी लागते म्हणून पाणी कमी प्यायचं, हे मात्र कुणीही करू नये.

---

डॉक्टर_राजारामपुरी | बुधवार, रात्री १०:४०

शेवटच्या वाक्याला दुजोरा. डायमॉक्स घेणाऱ्यांनी तर पाणी वाढवायचंच आहे. लघवीचा रंग गडद पिवळा झाला तर त्या थांब्यावर थर्मास उघडा.

---

उद्यमनगर_फिटर | बुधवार, रात्री ११:०२

ऑगस्टला अजून वेळ हाय. बूट-क्रॅम्पॉन स्वतःचं घेणार असाल तर दोन्ही घिऊन दुकानावर या, रविवारी सकाळी. माप लावून देतो आणि कानस कशी धरायची ती दावतो.